सांगाड्याच्या हातात रुमाल कशाला?

उपयोजित कला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. युरोपातली सोळाव्या ते अठराव्या शतकातली शरीररचनेची चित्रं त्याने प्रकल्पासाठी निवडली आणि तो गोंधळून गेला. कुठे सोललेला माणूस टेकडीवर ऐटीत उभा आहे, कुठे अर्भकाचा सांगाडा डोळ्यांना रुमाल लावून रडतोय, कुठे सांगाड्याच्या मागे चक्क गेंडा चरतोय. हे शास्त्र म्हणायचं की तमाशा? त्या काळातले बरणीतले नमुने तेवढे खरे आणि चित्रं म्हणजे कलाकाराच्या मनचे खेळ, असं धरून चालायचं का? आणि एवढी प्रेतं आणली कुठून?

मधला प्रश्न आधी घेते. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

बरणीतला नमुना खरा आणि चित्र काल्पनिक ही वाटणीच चुकीची आहे. दोन्ही वस्तू घडवलेल्या असतात. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात आणि विभागाचं म्युझियम सांभाळण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून एक बरणी कशी तयार होते ते सांगते. समजा, हाताचा पंजा दाखवायचा आहे. आधी ठरवायचं, तळव्याची बाजू की पाठीची. तळवा ठरला की कातडी काढायची, खालची चरबी चिमट्याने कणाकणाने टिपायची, मग तळव्यात पसरलेला जाड पांढरा पडदा उचलायचा. तो उचलल्याशिवाय धमनीची कमान दिसत नाही, आणि उचलला की त्या बरणीपुरता तो पडदा माणसाच्या हातात नसतोच. शिरा बहुतेक कापून टाकतो, कारण त्या गर्दी करतात. मग बारीक ब्रशने धमनीला लाल रंग, मज्जातंतूला पिवळा. जिवंत माणसाच्या हातात पिवळाधमक मज्जातंतू कोणी पाहिलेला नाही. शेवटी नायलॉनच्या दोऱ्याने हात पारदर्शक पट्टीला बांधायचा. बोटं किती फाकवायची, अंगठा किती बाहेर ओढायचा, हे बांधणाऱ्याने ठरवायचं. बरणीत जे राहतं त्याच्या कितीतरी पट बादलीत गेलेलं असतं. आता सांगा, चित्रकार याहून वेगळं काय करतो?

जुन्या लोकांना यात आणखी एक अडचण होती, ती म्हणजे कुजणं. फॉर्मेलिनने ऊती टिकवता येतात हे १८९३ साली फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं. त्याआधी शवविच्छेदन हा थंडीतला उद्योग होता. क्रमसुद्धा सडण्याने ठरवलेला: आधी पोट, मग छाती, मग डोकं, हातपाय शेवटी. पोटातली आतडी पहिल्यांदा घाण मारायला लागतात, म्हणून ती आधी उरकायची. अशा परिस्थितीत पाहिलेलं टिकवायचे दोनच मार्ग होते. भराभर कागदावर उतरवा, नाहीतर सडणं थांबवा. चित्रकार आणि नमुने करणारा हे एकाच अडचणीतून निघालेले दोन कारागीर होते, आणि त्यांचं एकमेकांवाचून चालत नसे.

सडणं थांबवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता तो डच वैद्य फ्रेडरिक रुइश. तुमच्या रडणाऱ्या सांगाड्याचा कर्ता हाच. १६३८ साली हेगमध्ये जन्म. आधी औषधांचं दुकान चालवलं, मग १६६४ साली लायडनहून वैद्यकाची पदवी घेतली, आणि लवकरच ॲमस्टरडॅमला गेला तो कायमचाच. तिथे शल्यकारांच्या संघाला शरीररचना शिकवायचा, शहरातल्या सुईणींना प्रशिक्षण द्यायचा, न्यायालयासाठी प्रेतं तपासायचा आणि १६८५ पासून वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापकही होता. ही यादी मुद्दाम दिली. सुईणींशी आणि न्यायालयाशी संबंध असलेल्या माणसाकडे मेलेली बाळं आणि बेवारस प्रेतं कशी पोचत असतील हे वेगळं सांगायला नको.

त्याचं तंत्र असं. वितळलेलं मेण आणि चरबी, त्यात लाल रंगासाठी हिंगूळ, हे मिश्रण पिचकारीने धमनीत भरायचं. ही मेणाची युक्ती मूळ त्याचा समकालीन यान स्वामरडॅम याची. रुइशने ती कुठल्या कुठे नेली. ऐकायला सोपं वाटतं. मिश्रण जास्त तापलं तर नाजूक ऊती शिजतात, कमी तापलं तर ते मोठ्या नळीतच गोठतं आणि केसाएवढ्या फांद्यांपर्यंत पोचत नाही. प्रेत कोमट पाण्यात ठेवून ऊब द्यावी लागते, आणि ऊब दिली की सडण्याचा वेग वाढतो. दाब जरा जास्त झाला की कुठेतरी नळी फुटते आणि नमुन्यावर लाल डाग पसरतो. ज्याने स्वतः कधी शवात रंग भरून पाहिला आहे त्याला रुइशच्या बरण्यांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्याने ते मेण चेहऱ्याच्या कातडीतल्या सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत पोचवलं. परिणाम असा की बाळांच्या गालांवर लाली आली. मग ते नमुने स्पिरिटमध्ये, म्हणजे त्याच्या भाषेत ‘बाल्सम’मध्ये, ठेवायचे. त्यातला मसाला त्याने बरीच वर्षं गुप्त ठेवला होता. बरणीच्या तोंडावर जनावराचं मूत्राशय ताणून बसवायचं आणि झाकणावर शिंपले, पोवळी, वाळलेल्या वनस्पती यांची आरास.

आता लेस. रुइशचे कितीतरी नमुने असे आहेत: बाळाचा हात, आणि तो जिथे कापला तिथे पांढऱ्या लेसची बाही. बाळाचं मुंडकं, आणि मानेला लेसची कॉलर. काही हातांच्या चिमटीत शरीराचाच दुसरा एखादा भाग दोऱ्याने लोंबतो. पाहणाऱ्यांना किळस येऊ नये म्हणून आपण हे करतो, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. लेस कापलेली कड झाकते. ती कड दिसली की डोळा तिथेच अडकतो आणि बोटांतल्या वाहिन्या बघायच्या राहून जातात. आम्हीही नमुना माउंट करताना कापलेली बाजू मागे फिरवतो. फरक एवढाच की आम्ही शिवणकाम करत नाही. घरात कलेचं वातावरण होतंच: बायको मारिया पोस्ट ही नामवंत वास्तुविशारदाची मुलगी, आणि लेक राखेल रुइश पुढे युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या पुष्पचित्रकारांपैकी एक झाली. बापाच्या नमुन्यांच्या सजावटीत तिचा हात होता असं पूर्वापार सांगतात. तिच्या फुलदाणीच्या चित्रांत देठावर चढणारा किडा, कुरतडलेलं पान, गळायला आलेली पाकळी जशी दिसते, ती बघताना तो हात असावा असं मलाही वाटतं.

तुमच्या रुमालाकडे येते. रुइशने बरण्यांखेरीज कोरडे देखावेही मांडले होते. मूत्राशयातले आणि पित्ताशयातले खडे रचून केलेला डोंगर, त्यावर मेण भरून वाळवलेल्या धमन्यांची झाडं, आणि त्या वनात अर्भकांचे चिमुकले सांगाडे. एक व्हायोलिनसारखं काही वाजवतोय. एकाच्या हातात एक दिवस जगणारी माशी. एक रुमालात तोंड खुपसून रडतोय. तळाशी आयुष्य क्षणभंगुर असल्याची लॅटिन वचनं. त्या काळच्या डच घरांच्या भिंतींवर कवटी, विझती मेणबत्ती आणि सोललेलं लिंबू एकत्र मांडलेली चित्रं असत, त्याच पंगतीतलं हे. प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांच्या शहरात मरणाची आठवण करून देणारी वस्तू पैसे मोजून बघायला लोक येत, त्यात कोणाला काही गैर वाटत नसे.

पण तो रुमाल कशाचा आहे ते बघा. कापडाचा नाही. पोटातल्या पातळ पडद्याचा तुकडा आहे, त्यातल्या बारीकात बारीक वाहिन्या मेणाने भरलेल्या. म्हणजे रडणं ही निव्वळ सबब. तो सांगाडा दोन्ही हातांनी तुमच्यापुढे रुइशचं सर्वांत अवघड काम धरून उभा आहे. झाडांचंही तेच: फांदीला फांदी फुटत जाणारी धमनी कशी पसरते हे एरवी मांसात गाडलेलं असतं, ते इथे उघड्यावर दिसतं. डोंगराचे दगड पाहून एखादा शल्यकार त्या खड्यांचे प्रकार ओळखू शकला असता. शास्त्र की तमाशा असं तुम्ही विचारलंत. रुइशला हा प्रश्नच कळला नसता. त्याच्या देखाव्यात ज्याला तुम्ही सजावट म्हणाल ती प्रत्येक वस्तू एक नमुना आहे.

हे सगळं त्याने दहा भागांच्या कॅटलॉगमध्ये छापलं, १७०१ ते १७१६ या काळात, आणि देखाव्यांची चित्रं कॉर्नेलिस हाउबर्ट्सने छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. रशियाचा झार पीटर १६९७ साली तरुणपणी हा संग्रह बघून गेला होता. एका बाळाचा चेहरा इतका जिवंत वाटला की त्याने त्याचा मुका घेतला, अशी हकीकत रुइशच्या मृत्यूनंतरच्या श्रद्धांजलीपर लेखात आहे. १७१७ साली त्याच झारने अख्खा संग्रह ३०,००० गिल्डरना (हे तेव्हाचं डच चलन) विकत घेतला, मसाल्याच्या गुपितासकट. रुइश तेव्हा ७९ वर्षांचा होता. एवढे पैसे हातात आल्यावर स्वस्थ बसावं की नाही? हा गृहस्थ पुन्हा नवा संग्रह करायला बसला, आणि १७३१ साली, ९२ व्या वर्षी वारला. रशियाला जाणाऱ्या जहाजावर खलाशांनी बरण्यांतलं स्पिरिट पिऊन टाकलं ही गोष्ट तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. प्रकल्पात ती घालू नका. संग्रह धडधाकट पोचला. सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात त्यातले ९०० च्या वर नमुने आजही आहेत.

त्यात कोरडे देखावे मात्र एकही उरलेला नाही. बरणीतलं टिकलं, बाहेरचं गेलं. रडणारा सांगाडा आज आहे तो फक्त हाउबर्ट्सच्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला. तेव्हा चित्र बाजूला ठेवून मूळ वस्तूकडे जाऊ म्हणाल तर तशी सोयच नाही.

नमुना म्हणजे पुरावा असं मानणाऱ्यांसाठी रुइशचाच आणखी एक किस्सा आहे, आणि मला तो त्याच्या लेसपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. जिथे मेण भराल तिथे त्याला वाहिन्याच वाहिन्या दिसत. यकृत घ्या, मूत्रपिंड घ्या, मेण आत गेलं की सगळा अवयव लाल जाळ्याचा बनलेला. त्यावरून त्याने ठरवलं की शरीर म्हणजे मुख्यतः रक्तवाहिन्याच, ग्रंथींची म्हणून वेगळी बांधणी नसते, आणि इटलीचा माल्पिगी सूक्ष्मदर्शकातून पाहून ग्रंथींबद्दल जे सांगतो ते चूक. लायडनचा बूरहाव माल्पिगीच्या बाजूचा. १७२२ साली या वादावरची दोघांची पत्रं छापून निघाली. रुइशकडे त्या काळातले जगातले सर्वोत्तम नमुने होते, आणि ग्रंथींच्या बाबतीत तो चुकला होता. त्याची पिचकारी जे भरू शकत होती तेच त्याला दिसत होतं. बाकीचं त्याच्या पद्धतीत दबून जायचं. डोळ्यातल्या वाहिन्यांच्या थराला मात्र जुन्या पुस्तकांत अजून त्याचं नाव आहे, कारण तिथे खरोखरच वाहिन्यांचं जाळं आहे.

आता टेकडीवरचा सोललेला माणूस. तो आंद्रेआस व्हेसेलियसच्या १५४३ च्या ग्रंथातला, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ओपोरिनसच्या छापखान्यात छापलेला. व्हेसेलियस तेव्हा २८ वर्षांचा, इटलीत पादुआच्या विद्यापीठात शिकवणारा. चित्रं व्हेनिसचा चित्रकार टिशियन याच्या परंपरेतल्या कलाकारांची मानतात. कोणाची नेमकी, यावर विद्वान अजून भांडतात. लाकडी ठसे व्हेनिसमध्ये कोरून आल्प्स ओलांडून बाझेलला पाठवले होते. स्नायूंची जी मालिका आहे तिच्या मागची निसर्गदृश्यं ओळीने शेजारी शेजारी लावली तर पादुआजवळच्या प्रदेशाचा एकसलग देखावा तयार होतो, हे फार उशिरा कोणाच्या तरी लक्षात आलं. तो माणूस पानागणिक एकेक थर उतरवत त्या टेकड्यांमधून चालतोय. सुरुवातीला ताठ, शेवटी शेवटी ढासळलेला. सातव्या पानावर प्रेताला दोरीने टांगलेलं स्पष्ट दिसतं: व्हेसेलियस खरोखर प्रेतं तशीच टांगून काम करायचा, आणि चित्रकाराने दोरी लपवली नाही.

इथे एक गंमत. पाचव्या स्नायुचित्रात पोटाचा सरळ स्नायू छातीवर खूप वरपर्यंत गेलेला दाखवला आहे. माणसात तो तसा नसतो, कुत्र्यात असतो. ही चूक नाही. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने जनावरं कापून माणसाची रचना सांगितली, हे वाचकाला दिसावं म्हणून व्हेसेलियसने मुद्दाम गॅलेनचा स्नायू माणसाच्या अंगावर चढवला आणि मजकुरात तसं लिहिलं. मजकूर न वाचता चित्र बघणाऱ्याची फसगत ठरलेली. त्याच व्हेसेलियसने पाच वर्षं आधी, १५३८ मध्ये, सहा मोठे तक्ते छापले होते. त्यात यकृताला पाच पाळ्या आहेत आणि मेंदूच्या तळाशी एक वाहिन्यांचं जाळं आहे, जे बैला-मेंढ्यांत सापडतं, माणसात नाही. तेव्हा त्याच्या डोळ्यांवर गॅलेनच होता. १५४३ मध्ये त्याने ते जाळं माणसात नाही असं ठणकावून सांगितलं. एकाच माणसाची पाच वर्षांतली ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बघा. हातातलं कौशल्य तेच, फक्त कोणाचं ऐकायचं हे बदललं.

सजावटीला सरळ नकार देणारा एक डच ग्रंथही आहे. गोव्हर्ट बिडलोचा, १६८५, ॲमस्टरडॅम, १०५ चित्रं, काढणारा गेरार्ड द लेरेस. लेरेस हा एरवी देवदेवतांची भव्य चित्रं काढणारा, पण इथे त्याने टाचण्या, दोऱ्या, मांस बाजूला धरायला ठोकलेले खिळे, खाली ठेवलेली पुस्तकं सगळं तसंच ठेवलं. एका चित्रात हात बांधलेली बाई आहे. पोट उघडलेल्या एका शवावरच्या कापडावर माशी बसली आहे. हे ‘जसं दिसलं तसं’ काढणं वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. पण खरीखुरी वाटणारी माशी काढून दाखवणं ही त्या काळच्या चित्रकारांची जुनी करामत होती, हेही विसरू नका. रुइशला ही चित्रं पसंत नव्हती, त्यातल्या चुका त्याने काढल्या आणि बिडलोने १६९७ मध्ये उलट पुस्तिका छापून त्याचा समाचार घेतला. ग्रंथ खपला नाही. मग प्रकाशकाने चित्रांच्या छापील प्रती इंग्लंडला विकल्या आणि विल्यम कॉपरने १६९८ मध्ये त्या आपल्या नावाने, नवा इंग्रजी मजकूर आणि थोडी जास्तीची चित्रं जोडून, प्रसिद्ध केल्या. मुखपृष्ठावर बिडलोच्या नावाच्या जागी चिठ्ठी चिकटवली होती. बिडलोने लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत गाऱ्हाणं नेलं. चित्रचोरीबद्दल हळहळणाऱ्या कलावंतांना मी हे प्रकरण आवर्जून सांगते, कारण त्या भांडणात लेरेसचा हक्क कोणालाच आठवला नाही.

गेंड्याचं प्रकरण १७४७ चं. लायडनचा बर्नहार्ड सीगफ्रीड अल्बिनस आणि त्याचा चित्रकार यान वांडेलार. अल्बिनसला एका माणसाचा सांगाडा नको होता, माणसाचा सांगाडा हवा होता. ना उंच ना बुटका, कुठे व्यंग नाही असा. म्हणून एक चांगला निवडला आणि त्यातलं उणं दुसऱ्या सांगाड्यांवरून भरून काढलं. उभं राहणं नैसर्गिक यावं म्हणून सांगाड्याच्या बाजूला तशाच बांध्याचा एक नागडा माणूस उभा करून तुलना करत. थंडीचे दिवस, तो बिचारा कुडकुडायचा, म्हणून खोलीत शेकोटी पेटवावी लागली हे अल्बिनसने स्वतः लिहून ठेवलं आहे. मोजमापासाठी दोऱ्यांच्या दोन चौकटी: एक सांगाड्याला अगदी खेटून, दुसरी चार फूट पुढे, तिचे चौकोन पहिलीपेक्षा लहान. वांडेलार ४० फुटांवर उभा राहून दोन्ही जाळ्यांचे छेद जुळवत रेघ ओढायचा. इतक्या लांबून का? कारण जवळून काढलं तर डोक्याचं आणि पायांचं प्रमाण बिघडतं. बारीक तपशील मग जवळ जाऊन भरायचे.

आणि हे सगळं झाल्यावर मागे गेंडा! ती क्लारा नावाची मादी, आपल्याच पूर्व भागातून, बंगालहून, १७४१ मध्ये रॉटरडॅमला आणलेली. पुढे तिचा मालक तिला युरोपभर दाखवत हिंडला. अल्बिनसचं समर्थन दोन पदरी होतं. एक, पांढऱ्या कागदावर पांढरा सांगाडा सपाट दिसतो. मागे करडी छटा असली की हाडाला गोलाई येते आणि उजेड नीट पडतो. दोन, असा दुर्मिळ प्राणी कुठल्याही साध्या नक्षीपेक्षा लोकांना आवडेल. पहिलं कारण चित्रकाराचं आणि पटण्यासारखं. दुसऱ्याला मी काय म्हणू? गेंडा बघायला म्हणून का होईना, लोक सांगाडा बघतात. चित्रावर त्याने एकही अक्षर येऊ दिलं नाही. नुसत्या बाह्यरेषांची वेगळी पानं जोडली आणि अक्षरं त्यांवर घातली. मांडणीच्या विद्यार्थ्याने शिकावं ते हे.

अल्बिनसच्या अगदी उलट टोकाला लंडनचा विल्यम हंटर उभा आहे. गर्भारपणातल्या गर्भाशयावरचा त्याचा ग्रंथ १७७४ चा, बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिलने छापलेला, ३४ मोठे तक्ते, आकृत्या मुळाबरहुकूम मापाच्या. प्रस्तावनेत त्याने वाद सरळ मांडला आहे: एक चित्र असं की जे समोर आहे तेच आणि तेवढंच, दुसरं असं की बऱ्याच वस्तू पाहून मनात जुळवलेलं. दुसरं समजायला सोपं जातं, पहिल्याला प्रत्यक्ष वस्तूचं वजन असतं. हंटरने पहिलं निवडलं. यान व्हान राइम्सडाइकने खडूने काढलेली ती चित्रं बघवत नाहीत इतकी नेमकी आहेत. मांड्या जिथे कापल्या तिथे हाडाचा गोल दिसतो. एका तक्त्यात ओल्या पडद्यावर खोलीच्या खिडकीचं प्रतिबिंब पडलेलं आहे. ते गर्भाशयाच्या रचनेचा भाग नाही, पण त्या दिवशी तिथे होतं, म्हणून काढलं. प्रस्तावनेत हंटर चित्रं तांब्यावर कोरणाऱ्याची स्तुती करतो, राइम्सडाइकचं नाव घेत नाही. त्याचा राग राइम्सडाइकने पुढे स्वतःच्या पुस्तकात काढला.

माझा कौल? शिकवण्यासाठी अल्बिनस, विश्वास ठेवण्यासाठी हंटर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे मी हंटरचा तक्ता ठेवला तर त्याला काय बघायचं हेच कळणार नाही. पण शल्यक्रिया करणाऱ्याला कधी ना कधी अल्बिनसच्या माणसाशी न जुळणारं पोट उघडावं लागतं, तेव्हा हंटरचा डोळा कामी येतो. वाहिन्यांच्या फांद्या माणसागणिक इतक्या बदलतात की पुस्तकातली तंतोतंत मांडणी शोधत बसाल तर वर्गातल्या सगळ्या मुलांना वेगवेगळी उत्तरं मिळतील.

राहता राहिला प्रेतांचा प्रश्न. बहुतेक सगळी फाशी दिलेल्यांची, गरिबांची, आणि मेलेल्या बाळांची. पादुआत एका न्यायाधीशाने फाशी गेलेल्यांची प्रेतं व्हेसेलियसला मिळवून दिली. १६३२ मध्ये रेम्ब्रांटने डॉ. टुल्पच्या विच्छेदनाचं जे चित्र काढलं त्यातला मृत माणूस कोटचोरीबद्दल फाशी गेला होता. त्याचं नाव आरिस किंट, आणि या सगळ्या कथेत नाव माहीत असलेल्या मोजक्या शवांपैकी तो एक. हंटरच्या तक्त्यांतल्या बायांची नावं ग्रंथात नाहीत. रुइशच्या बाळांच्या आयांना कोणी विचारलं असेल असं समजायला काही आधार नाही. इंग्लंडात १७५२ पासून खुन्यांची प्रेतं कायद्यानेच विच्छेदनाला मिळू लागली, ती अपुरी पडली म्हणून थडगी उकरण्याचा धंदा फोफावला, आणि १८३२ च्या कायद्याने बेवारस गरिबांची प्रेतं उपलब्ध केली. आपल्या राज्यात १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट बेवारस शवांपुरता त्याच धाटणीचा आहे. देहदानाच्या अर्जांनी आता चित्र पालटत आहे. आमच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी विद्यार्थी शवाला नमस्कार करतात आणि मग हातमोजे घालतात.

विल्यमचा धाकटा भाऊ जॉन हंटर यानेही अफाट संग्रह केला. तो १७९९ मध्ये सरकारने १५,००० पौंडांना विकत घेतला. त्यात चार्ल्स बर्न नावाच्या, साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुणाचा सांगाडा होता. १७८३ मध्ये मरताना त्याने सांगितलं होतं की मला समुद्रात बुडवा, हंटरच्या हाती लागू देऊ नका. लागला तो हंटरच्याच हाती. दोन शतकांहून अधिक काळ सांगाडा लोकांपुढे टांगलेला होता; २०२३ मध्ये लंडनचं ते संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढला, पण संशोधनासाठी ठेवून घेतला. मला हे अर्धवट वाटतं. त्याची इच्छा लेखी नसली तरी सर्वश्रुत होती, आणि त्या हाडांतून जे शिकायचं ते शिकून झालं आहे. रुइशच्या बाळांबद्दल असं ठाम मत मला करता येत नाही. त्यांची इच्छा नव्हती असं म्हणायलाही तिथे कोणी नाही.

तुमच्या प्रकल्पासाठी एवढंच सुचवते. दहा ग्रंथांतून एकेक चित्र गोळा करू नका, त्याने फक्त तक्ता भरेल. हाउबर्ट्सने कोरलेला रुइशचा देखावा घ्या आणि त्याच्या शेजारी बिडलोचं माशीवालं पान. दोन्ही ॲमस्टरडॅमची, कर्ते एकमेकांचे वैरी, मध्ये अंतर फार तर ३१ वर्षांचं. दोन्हींच्या जुन्या प्रतींची स्कॅन केलेली पानं मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयांनी मोफत खुली केली आहेत. मोठी करून बघा आणि प्रत्येकात शोधा: काय काढून टाकलंय, काय बांधून धरलंय, कापलेली कड कुठे आहे आणि ती कशाने झाकली आहे. पेन्सिलने नक्कल करा, फोटोकॉपी नको. हाउबर्ट्सच्या झाडाच्या फांद्या हाताने काढायला घेतल्यात की तिसऱ्या फाट्याला कळेल, ते झाड नाही, धमनी आहे.